३२,८७,२६३ : देशाचं क्षेत्रफळ मोजतात तरी कसं?

भारताचं क्षेत्रफळ ३२,८७,२६३ चौरस किलोमीटर. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा, आकडा तोंडपाठ असतो. आता त्याच मुलाला दुसरा प्रश्न टाका : १ ऑगस्ट २०१५ला या आकड्याचं काय झालं?

३१ जुलैच्या मध्यरात्री भारत आणि बांगलादेश यांनी जमिनीची अदलाबदल केली. बांगलादेशाच्या पोटात अडकलेले भारताचे १११ तुकडे, मिळून १७,१६० एकर, तिकडे गेले. आपल्या हद्दीतले त्यांचे ५१ तुकडे, ७,११० एकर, इकडे आले. त्यातला एक तुकडा तर असा होता की बांगलादेशात भारताचं गाव, त्या गावात बांगलादेशाची जमीन आणि त्या जमिनीत पुन्हा भारताचं पावणेदोन एकराचं रान. या देवाणघेवाणीसाठी संसदेला शंभरावी घटनादुरुस्ती करावी लागली. वजाबाकी केली तर दहा हजार एकरांचा, म्हणजे ४० चौरस किलोमीटरचा फरक येतो. सीमेवरच्या इतर वादग्रस्त जमिनींचा हिशेब धरला तर तो एक-दोन किलोमीटरने कमी होतो, एवढंच. पुस्तकात मात्र आजही ३२,८७,२६३.

क्षेत्रफळाचा आकडा दगडावरची रेघ वाटतो, पण तो कुणीतरी, कधीतरी, काही गोष्टी धरून आणि काही सोडून काढलेला असतो. काय धरलं आणि काय सोडलं हे बघितल्याशिवाय दोन वर्षांचे किंवा दोन देशांचे आकडे शेजारी ठेवून काही बोलणं धोक्याचं आहे. या विषयात मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच.

ज्याच्या घरात सातबारा आहे त्याला हे समजायला वेळ लागत नाही. गाव नमुना सात उघडा. लागवडीयोग्य क्षेत्र वेगळं, पोटखराबा वेगळा आणि खाली एकूण क्षेत्र. ओढा, खडक, रस्ता हे पोटखराब्यात जातं. करवीर तालुक्यातल्या एखाद्या गटाचं एकूण क्षेत्र एक हेक्टर असेल आणि त्यात दहा आर पोटखराबा असेल, तर "रान किती?" या प्रश्नाला दोन उत्तरं आहेत आणि दोन्ही खरी आहेत. बँक कर्ज देताना एक बघते, भावकीत वाटणी करताना दुसरं बघावं लागतं.

देशाचंही तसंच. जागतिक बँकेच्या तक्त्यांमध्ये दोन वेगवेगळे स्तंभ असतात. एक एकूण पृष्ठभागाचा : यात जमीन, देशाच्या आतल्या नद्या, तलाव, जलाशय आणि किनाऱ्यालगतचे काही जलमार्ग धरतात. दुसरा भूक्षेत्राचा : यात आतलं पाणी वगळतात. दोन्हींची माहिती संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेकडून येते आणि मालिका १९६१पासून सुरू होते. भारताचं भूक्षेत्र तिथे २९,७३,१९० चौरस किलोमीटर आहे. एकूणातून ते वजा केलं तर ३,१४,००० चौरस किलोमीटर उरतात. महाराष्ट्राचं क्षेत्रफळ ३,०७,७१३. म्हणजे या तक्त्याप्रमाणे आपल्या देशातल्या नद्या-तलावांनी अख्ख्या महाराष्ट्रापेक्षा जास्त जागा व्यापली आहे! मला हा आकडा प्रत्यक्षातल्या पाण्यापेक्षा बराच फुगलेला वाटतो. आपल्या कृषी खात्याचे जमीन-वापराचे तक्ते बघितले तर तिथे आणखी तिसरीच बेरीज दिसते. ३२.८७ कोटी हेक्टरपैकी ज्या जमिनीचा वापर गावोगावच्या नोंदींतून कळतो ती ३१ कोटी हेक्टरही भरत नाही. एकच देश, तीन बेरजा.

आता यातून काय बिघडतं ते बघा. २०११च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या १२१,०८,५४,९७७ भरली. ती पूर्ण ३२,८७,२६३ने भागली तर दर चौरस किलोमीटरला ३६८ माणसं येतात. जनगणनेने मात्र घनता ३८२ जाहीर केली. कारण एकूण आकड्यात पाकिस्तानच्या बेकायदा ताब्यातले ७८,११४, पाकिस्तानने चीनला देऊन टाकलेले ५,१८० आणि लडाखमध्ये चीनच्या ताब्यातले ३७,५५५ चौरस किलोमीटर धरलेले आहेत. ही जमीन आपली, म्हणून क्षेत्रफळात आहे. तिथे आपल्या प्रगणकाला जाता येत नाही, म्हणून तिथली डोकी मोजलेली नाहीत. माणसं मोजली नसतील तर जमीनही भाजकातून काढायला हवी, म्हणून उरलेल्या ३१,६६,४१४ने भागायचं. हे अगदी योग्य आहे. आणि तेच १२१ कोटी कुणी भूक्षेत्राने भागले तर ४०७ येतात. घनता ३६८, ३८२ आणि ४०७. माणूस एक वाढला नाही, एक घटला नाही. वर्तमानपत्रात एका वर्षी एक आकडा आणि पुढच्या वर्षी दुसरा छापून आला तर वाचणाऱ्याला वाटेल की देशात गर्दी झपाट्याने वाढली.

व्याख्या बदलली की काय होतं याचं सगळ्यात ठळक उदाहरण अमेरिकेचं आहे. अमेरिकी सरकारचं गुप्तचर खातं जगातल्या देशांची माहिती देणारं 'फॅक्टबुक' काढायचं. १९९६पर्यंत त्यात अमेरिकेचं क्षेत्रफळ सुमारे ९३.७ लाख चौरस किलोमीटर असे. १९९७ला ते एकदम ९६.३ लाख झालं, कारण कॅनडाच्या सीमेवरच्या पंचमहासरोवरांचा आपल्या वाट्याचा भाग आणि किनाऱ्याजवळचं पाणी त्यात धरलं. २००७ला प्रादेशिक समुद्र, म्हणजे किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतचा देशाच्या मालकीचा समुद्रही धरला आणि आकडा ९८.३ लाखांवर गेला. चीनचा आकडा या सगळ्या काळात ९६ लाखांच्या आसपास स्थिर. म्हणजे यादीत अमेरिका चीनच्या खाली होती ती वर गेली, आणि तेही एक गुंठा नवी जमीन न मिळवता. जगातला तिसरा मोठा देश कोणता यावर अजूनही वाद झडतात ते यामुळेच. आपण समुद्र धरत नाही. धरायचा म्हटलं तर किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतचा आपला अनन्य आर्थिक क्षेत्राचा पट्टा वीस लाख चौरस किलोमीटरहून मोठा आहे, पण तिथे मासेमारीचा आणि खनिजांचा हक्क असतो, तो देशाचा भूभाग नसतो.

कधी कधी मात्र जमीन खरोखर बदलते. सिंगापूर हे नेहमीचं उदाहरण. स्वातंत्र्याच्या काळात ते ५८१ चौरस किलोमीटर होतं, समुद्रात भराव टाकत टाकत ७३०च्या पुढे गेलं. नेदरलँड्सची गोष्ट जास्त शिकवून जाते. १९३२ला तिथे ३२ किलोमीटरचा बांध घालून समुद्राची एक आखात तोडली आणि तिचं गोड्या पाण्याचं तळं केलं. मग त्या तळ्यातलं पाणी उपसून जमीन काढली आणि १९८६ला तिथे फ्लेव्होलँड नावाचा अख्खा प्रांत स्थापन झाला. जमीन सुमारे १,४०० चौरस किलोमीटर, आपल्या कोल्हापूर जिल्ह्याच्या पाचव्या हिश्शाला थोडी कमी. पण तळं आधीच देशाच्या आतलं पाणी होतं. त्यामुळे भूक्षेत्राचा स्तंभ वाढला, पाण्याचा घटला आणि एकूण आकडा हलला नाही. उलट दिशेने बघायचं तर अरल समुद्र. १९६०च्या सुमारास ६८,००० चौरस किलोमीटरवर पसरलेलं ते पाणी सिंचनासाठी नद्या वळवल्यामुळे आटून दहाव्या हिश्शाच्या आसपास आलं. कझाकस्तान आणि उझबेकिस्तानच्या एकूण क्षेत्रफळाला या भयंकर बदलाची गंधवार्ता नाही. जगातली एवढी मोठी पर्यावरणीय हानी ज्या आकड्यात उमटतच नाही, तो आकडा बघून "या देशात फार काही घडलं नाही" असं म्हणणं किती चुकीचं ठरेल!

आपल्याकडे राधानगरीचं धरण बांधलं तेव्हा भोगावतीच्या खोऱ्यातली जमीन पाण्याखाली गेली. देशाच्या एकूण क्षेत्रफळाला त्याने काही होत नाही, फरक पडतो तो जमीन आणि पाणी यांच्या वाटणीत. पुराचं तसं नाही. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून शिरोळपर्यंत रानं बुडवते, तेव्हा ते पाणी कितीही दिवस राहिलं तरी हिशेबात येत नाही. तिथे कायमचं पाणी धरतात. पण नदी काठ खाते आणि पलीकडे मळी टाकते, हे कायमचं असतं. गावात त्यावरून बांधाचे वाद होतात, आणि नदी हीच सीमा असेल तर देशादेशांत होतात. १९७०च्या भोला चक्रीवादळानंतर बंगालच्या उपसागरात, हरियाभंगा नदीच्या मुखाशी एक छोटं बेट वर आलं. भारताने त्याला न्यू मूर म्हटलं, बांगलादेशाने दक्षिण तालपट्टी. दोघांनी हक्क सांगितला. २०१०ला उपग्रहचित्रं बघून अभ्यासकांनी सांगितलं की बेट पाण्याखाली गेलं आहे.

हद्द बदलण्याबद्दल थोडक्यात. गोवा १९६१च्या डिसेंबरमध्ये मुक्त झाला, ३,७०२ चौरस किलोमीटर. सिक्कीम १९७५ला आलं, ७,०९६. म्हणजे १९५५चा भारत आणि १९८५चा भारत यांचे आकडे सरळ शेजारी ठेवता येत नाहीत. तेलंगण झालं किंवा जम्मू-काश्मीरचे दोन केंद्रशासित प्रदेश झाले तेव्हा राज्यांचे तक्ते बदलले, देशाचा आकडा बदलला नाही. सुदानचं उलट. ९ जुलै २०११ला दक्षिण सुदान वेगळा झाला आणि २५ लाख चौरस किलोमीटरचा, आफ्रिकेतला सगळ्यात मोठा देश एका दिवसात १८.६ लाखांच्या आसपास आला. सुदानच्या हेक्टरी उत्पादनाचा किंवा घनतेचा आलेख काढणाऱ्याने २०११ला रेघ तोडलीच पाहिजे, नाहीतर आलेख धडधडीत खोटं बोलतो.

आता प्रत्यक्ष मोजणी. इथे मला जरा रेंगाळायचंय, कारण यातलं कौशल्य खरंच अफाट आहे.

पहिली गोष्ट, क्षेत्रफळ उताराचं मोजत नाहीत. पन्हाळ्याच्या किंवा गगनबावड्याच्या डोंगरउतारावरचं रान मोजताना भूकरमापक साखळी उतारावर लोळवत नाही. ती आडवी, समपातळीत धरतो आणि पायरी पायरीने खाली उतरतो. ३० अंशांचा उतार असेल तर पायाखालची माती नकाशावरच्या क्षेत्रापेक्षा १५ टक्के जास्त भरते, पण सातबाऱ्यावर सपाट क्षेत्रच येतं. देशाचंही तेच. हिमालय आणि सह्याद्री इस्त्री करून पसरले तर भारत कितीतरी मोठा होईल, पण तसं कुणी करत नाही, आणि करूही नये. पिकाला, घराला, सूर्यप्रकाशाला आडवी जागाच लागते.

दुसरी गोष्ट, पृथ्वी गोल आहे. एका गटाला हे लागू नाही. कोपऱ्यांचे बिंदू टिपले, त्रिकोण पाडले, बेरीज केली, संपलं. अख्ख्या देशासाठी मात्र रेखांशातलं एक अंश अंतर कन्याकुमारीजवळ ११० किलोमीटर असतं, कोल्हापुराजवळ साडेएकशे सहा आणि काश्मीरच्या उत्तरेला ९०च्या आसपास. नकाशावर सारख्याच दिसणाऱ्या एक अंश बाय एक अंशाच्या चौकोनात दक्षिणेला १२,००० चौरस किलोमीटर बसतात, उत्तरेला १०,०००. मोबाइलवरच्या नकाशात ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं, प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदा पट आहे. म्हणून क्षेत्रफळ काढायला समक्षेत्र प्रक्षेपण, म्हणजे गोल सपाट करताना क्षेत्रफळाचं प्रमाण न बिघडवणारी नकाशाची रीत, वापरतात, किंवा नकाशा बाजूला ठेवून थेट गोलावरच गणित करतात.

पण गोल नेमका केवढा? १८०२ला विल्यम लॅम्बटन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने मद्रासजवळ साडेसात मैलांची पायारेषा मोजली आणि भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला सुरुवात झाली. १०० फुटी पोलादी साखळी लाकडी पेट्यांमध्ये ठेवून, वर तंबूची सावली धरून, शेजारी तापमापक लावून. एवढा आटापिटा कशासाठी? पोलाद दहा अंश सेल्सियसने तापलं तर १०० फुटांमागे साडेतीन मिलिमीटर वाढतं. साडेसात मैलांत ती चूक साडेचार फुटांची होते, आणि याच एका रेषेवर पुढचे सगळे त्रिकोण उभे राहणार असतात. तीच चूक मग हिमालयापर्यंत जाणार. लॅम्बटन हे काम करता करताच १८२३ला वारला, आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला. त्याच्या जागी आलेल्या जॉर्ज एव्हरेस्टने या मोजणीवरून पृथ्वीचा आकार ठरवला आणि भारताचे नकाशे जवळपास पावणेदोनशे वर्षं त्या आकारावर काढले गेले. २००५च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर सर्वसामान्यांसाठीचे नकाशे उपग्रहांवर आधारलेल्या जागतिक आकारावर आले. दोन्ही आकारांच्या विषुववृत्तीय त्रिज्येत साधारण ८६० मीटरचा फरक आहे. ६,३७८ किलोमीटरपुढे हे काहीच नाही. पण अक्षांश-रेखांश तेच ठेवून भारताच्या आकाराचं क्षेत्रफळ दोन्हींवर काढलं, तर उत्तरांत काही शे चौरस किलोमीटरांचं अंतर पडतं.

किनाऱ्याचं वेगळंच. भारताचा किनारा ७,५१६ किलोमीटर, असं आपण शिकलो. आता सरकारने तो ११,०९८.८१ किलोमीटर असल्याचं जाहीर केलं आहे. किनारा वाढला नाही, नकाशा बारीक झाला. जुनी लांबी १:४५,००,००० प्रमाणावर मोजलेली होती, नवी १:२,५०,०००वर. कोकणातली प्रत्येक खाडी, प्रत्येक वळण आता मोजलं गेलं. मग क्षेत्रफळ तसं दीडपट का झालं नाही? कारण लांबीत प्रत्येक वळण भरच घालतं. क्षेत्रफळात बाहेर आलेलं भूशिर थोडं वाढवतं, आत शिरलेली खाडी थोडं घटवते, आणि बरंचसं फिटतं. नकाशा जितका बारीक, तितकं क्षेत्रफळ एका ठरावीक आकड्याकडे सरकत जातं. लांबी मात्र वाढतच राहते.

तरीही ३२,८७,२६३ या आकड्यातला शेवटचा ३ मला खटकतो. भूसीमा १५,००० किलोमीटरहून जास्त आणि किनारा जुन्या मापाने साडेसात हजार, मिळून साडेबावीस हजार किलोमीटरची कड. ही सगळी कड एकाच दिशेने, म्हणजे सगळीकडे बाहेरच्या बाजूला, फक्त एक मीटर सरकली तर क्षेत्रफळ २२ चौरस किलोमीटरने वाढतं. शेवटचा आकडा एका चौरस किलोमीटरपर्यंत बरोबर हवा असेल तर अशी एकतर्फी चूक साडेचार सेंटिमीटरच्या आत ठेवावी लागेल. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीत पाणी दहा मीटर वरखाली होतं, तिथे कड साडेचार सेंटिमीटरवर कोण बसवणार? भरतीची रेषा धरली तर एक देश, ओहोटीची धरली तर दुसरा. देशांतर्गत नोंदीही पूर्ण मिटलेल्या नाहीत. पुदुच्चेरी आणि आंध्र यांच्यातल्या वादाचे १३ चौरस किलोमीटर जनगणनेच्या तक्त्यात दोघांच्याही नावावर धरलेले नाहीत.

म्हणून जुन्या मालिकेत एखाद्या देशासमोर वर्षानुवर्षं एकच आकडा दिसला तर त्याचा अर्थ तिथे काही बदललं नाही असा घेऊ नका. बहुतेक वेळा कुणी पुन्हा मोजलेलं नसतं, मागचाच आकडा पुढे लिहिलेला असतो. आणि मधेच उडी दिसली तर आधी त्या वर्षाची तळटीप शोधा : सीमा हलली, व्याख्या बदलली की नवा नकाशा आला? खरी जमीन वाढण्याची शक्यता शेवटी तपासा.

कोल्हापूरकरांना हद्दीचा विषय नव्याने समजवायला नको. महापालिका १९७२ला झाली, शहराचं क्षेत्र ६६.८२ चौरस किलोमीटर, आणि हद्दवाढीचा वाद तेव्हापासून चालूच. उचगाव, पाचगाव, कळंबा इथे शहर कधीच पोचलं, तरी २०११च्या जनगणनेत शहराची साडेपाच लाख माणसं त्या ६६.८२नेच भागली गेली आणि घनता आठ हजारांवर निघाली. रस्त्याच्या पलीकडच्या सोसायटीत राहणारा माणूस त्यात नाही. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. त्याआधी देशभरातल्या गाव, तालुका, जिल्ह्यांच्या हद्दी गोठवल्या जातात, मोजणी संपेपर्यंत त्या हलवता येत नाहीत. नवे आकडे हातात आले की घनतेच्या स्तंभाआधी क्षेत्रफळाचा स्तंभ बघा, आणि त्याखालची बारीक अक्षरातली टीपही.